जंगलातून गाडी चालवताना: हरीण आडवं येऊ नये म्हणून, आणि आलंच तर

दर उन्हाळ्यात बदल्यांच्या याद्या लागतात आणि पुणे, सातारा, नाशिककडची बरीच माणसं चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे येतात. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी तहसील कचेरीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. नागपूर-अमरावतीत राहून नुकतीच गाडी शिकलेल्या आणि पहिल्यांदाच एकट्यानं जंगलपट्ट्यातून जाणार असलेल्या मुलामुलींसाठीही आहे. मीसुद्धा अशीच बदलीवर आले होते, नागभीड तालुक्यातल्या एका शाखेत. घाटात गाडी चालवायची मला सवय होती, त्यामुळे इथले सपाट, सरळ रस्ते पाहून मला हायसं वाटलं. तीच माझी चूक ठरली. घाटात रस्ताच आपल्याला सावध ठेवतो. इथला सरळ रस्ता डोळ्यांवर झापड आणतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी आडवं येतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हरीण दिसल्यावर काय करायचं हा प्रश्न दुय्यम आहे. ते दिसण्याआधी तुमच्या गाडीचा वेग किती होता, यावरच पुढचं बहुतेक ठरून गेलेलं असतं.

पहिली पायरी: आडवं कोण येतं ते ओळखा

आपण सरसकट ‘हरीण’ म्हणतो, पण प्रत्येक प्राणी वेगळ्या तऱ्हेनं रस्ता ओलांडतो. चालवणाऱ्याला हा फरक ठाऊक असला की फार उपयोग होतो.

चितळ सगळ्यात जास्त दिसतात. अंगावर पांढरे ठिपके, आणि जवळजवळ नेहमीच कळपात. नर सत्तर-ऐंशी किलोचा भरतो. चितळांचा कळप एकदम रस्ता ओलांडत नाही. एखादी मादी आधी काठावर येते, थांबते, ओलांडते, मग दुसरी, मग पाडस, मग मागे राहिलेला नर. मध्येच गाडी आली की कळप दुभंगतो आणि मागे उरलेल्यांना पुढच्यांकडे जायची घाई होते. त्या घाईत ती गाडीकडे बघतही नाहीत.

सांबर अंगानं मोठं असतं, पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर जातो. रंग गडद तपकिरी, अंगावर एकही ठिपका नाही, त्यामुळे रात्री डांबरी रस्त्यावर उभं असलं तरी जवळ जाईपर्यंत कळत नाही. त्यात त्याचे पाय लांब. कार धडकली तर बंपर पायांना लागतो आणि धड बॉनेटवरून थेट समोरच्या काचेवर येतं. माणसाच्या जिवाला धोका असतो तो इथे.

भेकर लहान, वीस-पंचवीस किलोचं, एकटंच फिरणारं. ते झुडपातून सुसाट निघतं आणि दिसेदिसेपर्यंत पलीकडे गेलेलंही असतं. ते कुत्र्यासारखं भुंकतं, त्यामुळे नवी माणसं फसतात.

रोही, म्हणजे नीलगाय, खरं तर हरणांच्या कुळातली नाही, पण रस्त्यावर त्यानं काही फरक पडत नाही. ती घोड्याएवढी असते आणि जंगलापेक्षा शेताच्या कडेला जास्त भेटते. वर्धा, यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या मोकळ्या पट्ट्यात चितळापेक्षा हिचीच भीती अधिक. काळवीटही मोकळ्या माळावरचं. ते धावत आलं तर ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग गाठतं, म्हणजे तुमच्या गाडीइतकाच. रानडुक्कर बुटकं आणि काळं, हेडलाइटच्या उजेडात सगळ्यात उशिरा दिसणारं.

दुसरी पायरी: रस्ता निवडताना जंगलाचा विचार करा

गूगल मॅप सर्वांत कमी वेळाचा रस्ता दाखवतो. तो कुठल्या जंगलातून जातो, हे मात्र तुम्हालाच बघावं लागतं. काही रस्त्यांवरून जाताना मनाची तयारी ठेवूनच निघायचं. चंद्रपूरहून मूलकडे जाताना लोहारा, चिचपल्ली, केळझरचा पट्टा. नागभीड-तळोधी-सिंदेवाही रस्ता. भद्रावतीहून मोहर्लीकडे. साकोलीच्या पुढे नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३. अमरावतीहून पोहऱ्याच्या जंगलातून चांदूर रेल्वेकडे. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणी. यातल्या कित्येक ठिकाणी जंगल म्हणजे नुसता अभयारण्याचा नकाशा नव्हे. साधं वनविभागाचं जंगल, मध्ये धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, एखादा मामा (माजी मालगुजारी) तलाव, परत जंगल. प्राणी जंगलात झोपतात आणि बांधीत चरायला येतात. आपला रस्ता त्यांच्या या दोन जागांच्या बरोबर मधून गेलेला असतो.

नागपूर-जबलपूर महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, मनसर ओलांडल्यावर पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा केल्या आहेत. सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची आहे. गाड्या वरून जातात, प्राणी खालून. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथे कॅमेरे लावले, तेव्हा खालून जाणाऱ्यांत चितळं सगळ्यात जास्त निघाली. वाघही त्याच वाटेनं जाताना दिसले. मला हे काम मनापासून आवडतं, आणि असं प्रत्येक जंगलपट्ट्यात व्हावं असं वाटतं. पण बहुतेक राज्य आणि जिल्हा मार्गांवर असं काही नाही. तिथे प्राणी आणि गाडी एकाच पातळीवर समोरासमोर येतात.

समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी वाटा आहेत, दोन्ही बाजूंना कुंपण आहे. तरीही प्राणी आत आल्याच्या घटना झाल्या आहेत. तिथे कारला १२० ची मुभा आहे म्हणून पहाटे चार वाजता १२० नं जायलाच हवं असं नाही.

तिसरी पायरी: वेळ आणि ऋतू पाहून निघा

रोजचे दोन वाईट वेळ लक्षात ठेवा. उजाडायच्या आधीचा तास आणि नंतरचा तास. दिवे लागण्याआधीचा तास आणि नंतरचे दोन-तीन तास. हरणं याच वेळी चरायला, पाण्यावर निघतात, आणि आपले डोळे याच वेळी सगळ्यात कमकुवत असतात. पुरतं उजाडलेलं नसतं आणि हेडलाइटचा उजेडही नीट पडत नाही. शक्य असेल तर जंगलाचा टप्पा उन्हं वर आल्यावरच पार करा. सकाळी नऊची मीटिंग चंद्रपूरला असेल तर आदल्या दिवशी दुपारी निघून मुक्काम करणं महाग वाटेल, पण नवीन असताना मी तेच सुचवेन.

ऋतूंचं गणित मला इथल्या लोकांनी शिकवलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. मोह बऱ्याचदा रस्त्याच्या अगदी कडेला असतो, आणि ती गोड फुलं खायला चितळं, भेकर, अस्वल सगळेच येतात. फुलं वेचायला गावातल्या बायाही त्याच वेळी टोपल्या घेऊन निघतात, तेव्हा त्यांच्यासाठीही सावकाश. एप्रिल-मेमध्ये नाले आटतात आणि जिथे पाणी उरलं असेल तिथल्या रस्त्यावर प्राण्यांची ये-जा वाढते. म्हणून उन्हाळ्यात प्रत्येक पूल, तलाव, बोडी (लहान तळं) ही धोक्याची खूण समजा. चितळांचा माजाचा मोठा हंगामही याच दिवसांत असतो. नर ओरडत, एकमेकांच्या मागे धावत असतात आणि भान ठेवत नाहीत.

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रस्त्याच्या साइडपट्टीवर कोवळं गवत येतं. जंगलातल्या झाडांखाली ऊन पोचत नाही, रस्त्याच्या कडेला पोचतं, त्यामुळे तिथलं गवत आधी हिरवं होतं. त्या दिवसांत हरणं अक्षरशः रस्त्याच्या काठावर चरत उभी असतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास धान पिकतो. त्या दिवसांत संध्याकाळी तुडतुडे हेडलाइटवर झुंडीनं येतात आणि काचेवर चिकटून बसतात. वायपर मारला की सगळी काच माखते. काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरलेली ठेवा, डॅशबोर्डवर ओलं फडकं ठेवा, आणि समोरचं दिसत नसेल तर गाव गाठून काच पुसा. पुढे हिवाळ्यात लाखोळी (लाख डाळीचं पीक), हरभरा, तूर उभी असते आणि रात्रभर जंगल-शेत अशा फेऱ्या चालतात. शेतकरी जागलीला बसून प्राण्यांना हाकलतात, आणि हाकललेला कळप बेभान होऊन रस्त्यावर येतो. शेतात बॅटरीचा झोत फिरताना दिसला किंवा हाकारे ऐकू आले तर लगेच वेग कमी करा. सांबरांचा माजही याच थंडीत, आणि धुकं वेगळंच.

चौथी पायरी: गाडी तयार करा

यात फार काही नाही. समोरची काच आतून आणि बाहेरून स्वच्छ. हेडलाइटच्या काचा पुसलेल्या, दोन्ही दिवे चालू आणि झोत योग्य उंचीवर. टायर गुळगुळीत झालेले नसावेत. सीटबेल्ट सगळ्यांना, मागे बसलेल्यांनाही. हरणाच्या धडकेत बेल्ट नसलेला माणूस समोरच्या सीटवर किंवा काचेवर जाऊन आदळतो, आणि गंभीर इजा त्यानंच होते. मुलांना पुढे मांडीवर घेऊ नका.

पुढे लोखंडी बुलबार बसवू नका. केंद्र सरकारनं २०१७ मध्येच त्यावर बंदी आणली आहे. धडकेचा धक्का गाडीच्या सांगाड्यानं शोषायचा असतो, बुलबारमुळे तो थेट आत जातो, आणि एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. बंपरला लावायच्या ‘हरीण पळवणाऱ्या’ शिट्ट्या ऑनलाइन मिळतात. अमेरिकेत त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचा उपयोग दिसून आलेला नाही. त्या पैशात चांगले वायपर घ्या.

गाडीत परावर्तक त्रिकोण, चांगली बॅटरी, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असू द्या. जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज कुठे जाते आणि कुठे येते, हे दोन-तीन फेऱ्यांत लक्षात येतं. ती जागा मनात टिपून ठेवा.

पाचवी पायरी: वेग. इथे घाई करू नका, वाचतानाही

समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. थकलेल्या माणसाचा जास्त. तेवढ्या वेळात गाडी जराही हळू झालेली नसते. त्यानंतर ब्रेक लागतात. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, ठीकठाक टायर असतील तर हिशेब साधारण असा पडतो:

ताशी ४० ला गाडी सुमारे २६ मीटरमध्ये थांबते.
ताशी ६० ला सुमारे ४५ मीटर.
ताशी ८० ला सुमारे ६८ मीटर.
ताशी १०० ला सुमारे ९७ मीटर.

आता दुसरा आकडा. डिप्परवर, म्हणजे झोत खाली असताना, हेडलाइटचा कामाचा उजेड चाळीस-पन्नास मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे ८० नं जात असाल आणि उजेडाच्या टोकाला सांबर उभं दिसलं, तर तुम्ही कितीही निष्णात चालक असा, गाडी त्याच्या आधी थांबणार नाही. ६० ला जेमतेम थांबेल. ४० ला आरामात थांबेल. रस्ता ओला असेल तर हे सगळे आकडे आणखी वाढतात.

म्हणून रात्रीच्या जंगलातला नियम एवढाच: उजेडात जेवढं अंतर दिसतं, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. माझा स्वतःचा वेग जंगलपट्ट्यात अंधारात चाळीस, पन्नासच्या वर कधीच नाही. फलकावर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढाच. जंगलाचा टप्पा वीस किलोमीटरचा धरा. ८० नं तो पंधरा मिनिटांत संपतो, ४० नं अर्ध्या तासात. फरक पंधरा मिनिटांचा. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवेल. त्याला पुढे जाऊ द्या. डावीकडचा इंडिकेटर दाखवून जरा कडेला घ्या, तो निघून जातो.

सहावी पायरी: बघायचं कसं

नवा चालक समोरच्या पट्ट्याकडे बघतो. जंगलात नजर दोन्ही काठांवर फिरती हवी. डावा काठ, रस्ता, उजवा काठ, रस्ता. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला एक बाजू वाटून द्या आणि मोबाइल खाली ठेवायला सांगा.

समोरून गाडी नसेल तेव्हा अप्पर (लांबचा झोत) लावा, आली की डिप्पर. अप्परमध्ये दूरवर दोन हिरवट-पांढरे ठिपके चमकताना दिसतील. ते डोळे. हरणांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक थर असतो, अंधारात बघायला तो त्यांना मदत करतो. पण ते तुमच्याकडे बघत असतील तरच डोळे चमकतात. पाठमोरं किंवा खाली मान घालून चरणारं जनावर चमकत नाही. त्यामुळे ‘डोळे दिसले नाहीत म्हणजे कुणी नाही’ असं समजू नका. समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवा क्षणभर झाकला गेला, किंवा रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा मध्येच तुटल्यासारखा दिसला, तरी काहीतरी आडवं आहे.

दिवसा वानरांकडे लक्ष द्या. वानरं झाडावरून पानं-फळं खाली पाडतात आणि चितळं ती खायला खाली जमतात. जिथे वानरांची टोळी, तिथे आसपास चितळ असण्याची शक्यता खूप. आणि वानर एकदम खॅक-खॅक करू लागलं, तर जवळपास वाघ किंवा बिबट असेल. चितळ त्या क्षणी कुठल्याही दिशेला उधळू शकतं.

सातवी पायरी: एक गेलं, आता दुसरं

माझा अपघात इथेच झाला. नोव्हेंबर होता, संध्याकाळचे साडेसहा. तळोधीच्या पुढे एक चितळ डावीकडून आलं, मी ब्रेक दाबला, ते पलीकडे गेलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्याकडेच बघत राहिले आणि गाडी पुन्हा वेगात घेतली. दुसरं माझ्या उजेडात आलं तेव्हा ते पाच-सहा मीटरवर होतं. मादी होती. डावा हेडलाइट फुटला, बॉनेट वाकलं, मला काही लागलं नाही. ती कडेला पडून पाय झाडत होती आणि पलीकडच्या झाडीत पहिलं चितळ उभं होतं, पळून न जाता.

आमच्या शाखेच्या गाडीचे चालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, दुसऱ्या दिवशी मला एकच वाक्य बोलले. “म्याडम, येक दिसला का मागं दुसरा हायेच समजाचं.” रागावले नाहीत. पण ते आदल्या महिन्यातच मला हे सांगू शकले असते, असं मला अजून वाटतं. म्हणून मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

एक हरीण ओलांडून गेलं की पुढे जायचं नाही. पाय ब्रेकवरच ठेवायचा. ते ज्या बाजूनं आलं त्या बाजूकडे बघायचं, ज्या बाजूला गेलं तिकडे नाही. मनात दहा अंक मोजायचे. मागून गाडी येत असेल तर चारही इंडिकेटर चालू करायचे, म्हणजे तिलाही कळेल. मग पहिल्या गियरवर हळूहळू निघायचं. बऱ्याच वेळा दुसरं येतच नाही. कधी आठवं येतं. पाडसं तर हमखास आईच्या मागून येतात, आणि आई पलीकडे पोचली की रस्त्याचं त्यांना भानच राहत नाही.

आठवी पायरी: समोर उभंच असेल तर

हेडलाइटच्या झोतात हरीण दिपतं आणि जागेवर खिळून उभं राहतं. त्याला वाट दिसत नाही. गाडी थांबवा, अप्पर असेल तर डिप्पर करा, वाट बघा. रस्ता मोठा असेल तर एखादा लहानसा हॉर्न चालेल. व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या रस्त्यांवर तोही नको. कर्कश हॉर्न सतत वाजवला तर घाबरलेलं जनावर तुमच्याच दिशेनं उडी मारू शकतं. फोटोसाठी उतरू नका. मध्येच थांबून काच खाली करून मोबाइल बाहेर काढणाऱ्यांमुळे मागून येणाऱ्या गाड्यांचे अपघात होतात. शिळ्या पोळ्या, केळी, बिस्किटंही टाकू नका. रस्त्यावर खायला मिळतं हे एकदा कळलं की जनावर रोज रस्त्यावर येऊन उभं राहतं.

नववी पायरी: टाळता येत नाही, त्या क्षणी

स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक पूर्ण दाबा. एवढंच करायचं.

कापायचा मोह होतो, तो आवरा. इथले रस्ते अरुंद, साइडपट्टी खचलेली, तिच्याखाली खोल उतार, मग सागवान नाही तर ऐनाचं जाड खोड. उजवीकडून ट्रक. वळवून हरीण चुकवलेल्या माणसाचा जीव झाडावर गेला, अशा बातम्या दरवर्षी येतात. शिवाय हरीण कोणत्या बाजूला पळेल हे त्यालाही माहीत नसतं. तुम्ही वळाल त्याच बाजूला ते वळू शकतं.

गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून ठेवा. पायाखाली थरथर जाणवेल, आवाज येईल, घाबरून पाय काढू नका. जुन्या गाडीला एबीएस नसेल आणि चाकं घसरू लागली तर किंचित सोडून परत दाबा. सांबर, रोही किंवा गवा असेल तर वेगाचा प्रत्येक किलोमीटर महत्त्वाचा आहे. साठनं बसलेल्या आणि तीसनं बसलेल्या धडकेत चौपट फरक असतो. म्हणजे थांबता आलं नाही तरी ब्रेक वाया जात नाही.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं

शिक्षक, आशा कार्यकर्त्या, पतसंस्थेचे वसुलीवाले, बहुतेक जण दुचाकीवर असतात, आणि कारवाल्याचं बॉनेट जिथे वाकतं तिथे दुचाकीवाल्याचं हाड मोडतं. भेकराएवढं लहान जनावरसुद्धा दुचाकी पाडू शकतं. अंधार पडल्यावर जंगलातला दुचाकीप्रवास टाळता आला तर टाळाच. शेवटची एसटी चुकली तर ओळखीच्या घरी मुक्काम करा. इथली माणसं मनापासून ठेवून घेतात.

जायलाच लागलं तर दोघा-तिघांनी मिळून, आपसात चांगलं अंतर ठेवून. वेग चाळीसच्या आत. हेल्मेटचा पट्टा बांधलेला, काच स्वच्छ. रस्त्याच्या अगदी डाव्या काठानं चालवू नका, झुडपातून निघालेल्या जनावराला आणि तुम्हाला वेळच उरत नाही. आपल्या लेनच्या मधोमध राहा. ब्रेक लावताना पुढचा आणि मागचा दोन्ही, गाडी सरळ उभी असताना. वळणात नुसता पुढचा ब्रेक दाबला की जनावर न लागताही पडाल.

धडक झालीच तर

आधी तुम्ही आणि गाडीतली माणसं. कुणाला लागलं असेल तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरही मदत मिळते. गाडी चालत असेल तर कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा. उतरण्याआधी दोन्ही बाजूंना बॅटरी मारून बघा. हा वाघ, बिबट आणि अस्वलांचा मुलूख आहे, आणि जखमी हरणाच्या आवाजानं, रक्ताच्या वासानं कुणीतरी जवळ येऊ शकतं. त्रिकोण गाडीपासून पन्नासेक पावलं मागे ठेवा.

मग वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे. नेमकी जागा सांगा: कुठल्या गावापासून किती, कुठला पूल, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. रेंज नसेल तर येणाऱ्या एसटीच्या चालकाला थांबवून पुढच्या वननाक्यावर निरोप द्यायला सांगा. तो देतो, मी दोनदा अनुभव घेतला आहे.

जखमी हरणाला हात लावू नका. हे सांगताना मला त्रास होतो, कारण त्या रात्री मी स्वतः तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते, तिला धीर देते आहे असं समजून. नंतर एका पशुवैद्यकानं समजावलं की हरणाला माणसाचा स्पर्श म्हणजे शिकाऱ्यानं पकडल्यासारखं असतं. त्या भीतीनं त्याचे स्नायू आणि हृदय कोलमडतं, जखम लहान असली तरी ते दगावू शकतं. पाणी पाजू नका, गाडीत घालून दवाखान्यात नेऊ नका. दूर उभं राहून गर्दी हटवा, बाकीच्या गाड्यांना सावध करा आणि दिवे त्याच्या डोळ्यांवर पडू देऊ नका. वन विभागाची माणसं जाळी आणि पिंजरा घेऊन येतात. नागपूरला सेमिनरी हिल्समध्ये वन्यप्राण्यांवर उपचाराचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथेही ती माणसं त्याला नेऊ शकतात.

प्राणी मेला असेल तर आणखी एक काळजी. थोड्याच वेळात कुणीतरी येऊन म्हणेल, “सायेब, तुमी जा, आमी पाहतो.” त्याला मांस हवं असतं. स्पष्ट नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता आहे. मांस, कातडं, शिंग यातलं काहीही जवळ ठेवणं गुन्हा आहे, गळून पडलेलं शिंग उचलून घरी भिंतीवर लावणंसुद्धा. तुम्ही न कळवता निघून गेलात आणि मागे मांस वाटलं गेलं, तर प्रश्न तुमच्यापर्यंत येणार. थांबलात, कळवलंत, तर वनरक्षक येऊन पंचनामा करतात, तुमचा जबाब लिहून घेतात. वेगाबद्दल विचारतील, खरं सांगा.

विम्याचं थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर प्राण्याच्या धडकेत तुमच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असलेली पॉलिसी हवी. जागेवरच फोटो काढा: गाडी, रस्ता, किलोमीटरचा दगड. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. खर्च थोडा असेल तर आधी गॅरेजवाल्याकडून अंदाज घ्या, कारण क्लेम केला की साठलेल्या नो क्लेम बोनसवर पाणी सोडावं लागतं. आणि गाडीखाली पाणी गळताना दिसलं तर रेडिएटर फुटला आहे. ‘जाईल घरापर्यंत’ म्हणून चालवू नका, इंजिन बसेल.

माझ्या अपघाताच्या त्या रात्री वनरक्षक पाऊण तासात आले. त्यांनी त्या मादीला तपासलं, मग टॉर्च घेऊन आजूबाजूचं गवत शोधू लागले. काय शोधताय, मी विचारलं. “पाडस,” ते म्हणाले. “दूध हाय तिले.” अर्धा तास शोधल्यावर रस्त्यापासून वीस पावलांवर ते गवतात दबून बसलेलं सापडलं. म्हणून धडकेनंतर कळवताना तुम्हाला कळलं असेल तर हेही सांगा: मादी होती का, आणि कुठल्या बाजूनं आली होती.